गारठाकाकांचे हात

गारठाकाकांशी हात मिळवायचं धाडस गल्लीत सहसा कोणी करत नसे. नवखा माणूस एकदा फसायचा, दुसऱ्यांदा लांबूनच मान हलवायचा. भर उन्हाळ्यातही त्या माणसाचा पंजा असा गार, की हातात बर्फाची लादी दिल्यासारखं वाटे. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं पुकारलं जाई, आणि तेव्हासुद्धा ते स्वतः जरा उशिराच ओ देत.

याला कारण त्यांची नोकरी. गावाच्या वरच्या टोकाला, जिथे डांबरी रस्ता संपून दगडगोटे सुरू होतात, तिथे मत्स्यबीज केंद्र आहे. सिमेंटचे लांबट हौद, पत्र्याची एक शेड, शेडमध्ये माशांच्या अंड्यांसाठी एकाखाली एक लावलेले जाळीचे ट्रे, आणि शेडला खेटून राहायच्या दोन खोल्या. डोंगरावरच्या हिमनदीतून निघालेला ओढा केंद्राच्या कुंपणाला घासून जातो. त्याचंच पाणी पाटाने आत घेतलेलं आहे. या ओढ्यात एक मासा होतो, पाठीवर लाल ठिपक्यांचा. गावात त्याला ठिपकेवाला म्हणतात. हा मासा दुसरीकडे कुठेही होत नाही, निदान काकांना तरी माहीत नाही, आणि काकांना माहीत नाही म्हटल्यावर गावाच्या दृष्टीने तो विषय संपलाच.

ठिपकेवाला म्हणजे महा नखरेल प्राणी. पाणी गार हवं, वाहतं हवं, त्यात तोंडभर हवा हवी. जरा ऊब लागली की साहेबांचं जेवण बंद. काकांचं उभं आयुष्य या नखऱ्यांची उस्तवार करण्यात गेलं. थंडीच्या तोंडाशी माद्या भरल्या की एकेकीला ओल्या फडक्यात धरायचं, पोट हलक्या हाताने खाली चेपायचं, केशरी अंडी परातीत उतरवून घ्यायची, त्यावर नराचं पाणी सोडायचं, पिसाने ढवळायचं आणि अंडी ट्रेमध्ये पसरायची. मग वसंतात अंड्यातून जिऱ्याएवढी पिलं, त्यांची बोटाएवढी बोटुकली, आणि बोटुकली झाली की ओढ्यात. हे सगळं उघड्या हातांनी. हातमोजे घातले तर मासा निसटतो आणि अंडं फुटतं, असं काकांना शिकवणाऱ्या जुन्या वस्तादांचं म्हणणं होतं.

वस्तादांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे पाणी जोखणं. रोज सकाळी पाटाच्या तोंडाशी बसायचं, हात कोपरापर्यंत बुडवायचा आणि सातचा पाढा म्हणायचा. सावकाश, एकेका ओळीला श्वास घेऊन. सात चोक अठ्ठावीसच्या आसपास हाडात ठणका सुरू झाला, तर पाणी ठाकठीक. पाढा पुढे सरकला तर पाण्यात ऊब आहे, हौदांवर सावली टाका, पाट मोठा करा. वस्ताद थर्मामीटरला काचेची कांडी म्हणत आणि ती कुठल्या तरी खिळ्याला अडकवून विसरून जात. काकांनीही तेच केलं. पाढ्याने त्यांना कधी दगा दिला नव्हता. वरचे साहेब बदलत गेले आणि प्रत्येक नव्या साहेबाला जुना सांगून जाई, की पाण्याचं गारठ्याला विचारा.

आता इतकी वर्षं बर्फाच्या पाण्यात हात घातल्यावर हातांनी सूड उगवला नाही तरच नवल. पन्नाशी उलटली तशी बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी शर्टाची बटणं लागेनात. पाण्यात हात घातला की सात एके सातलाच कळ मस्तकात जाई. डॉक्टर म्हणाले, पाणी सोडा. काका म्हणाले, मग श्वासही सोडतो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तेव्हा काकू मैदानात उतरल्या.

काकू शिवणकाम करत. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन, भोवती लोकांचे कपडे. बोलायला कमी, पण एकदा मनावर घेतलं की हटायचं नाही असा स्वभाव. त्यांनी तेलात लसूण घालून ते काळं होईतो उकळलं, त्यात कसल्या कसल्या बिया टाकल्या, गाळलं आणि जेवणं झाल्यावर नवऱ्याचा हात ओढून मांडीवर घेतला. काका म्हणाले, "अगं, वास बघ याचा. मासे पळून जातील." काकू म्हणाल्या, "मासे राहतील. तुम्ही गप्प बसा."

मग ते रोजचंच झालं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात दोनच माणसं, आणि दोघांनाही बोलायची फारशी सवय नाही. पण हात चोळताना गप्प तरी किती बसणार? कोणाच्या झग्याचं माप चुकलं, कुठल्या मादीने आज खाल्लं नाही, मुलीचा फोन आला तर ती काय म्हणाली, असं कायकाय निघायचं. काकांना आपल्या बायकोला नकला करता येतात हे तेव्हा कळलं, इतक्या उशिरा. बेकरीवाल्या बाई गिऱ्हाइकाला शिळा पाव कसा गळ्यात मारतात, हे काकूंनी एकदा हात चोळता चोळता करून दाखवलं, तेव्हा काका हसता हसता ठसका लागून खोकत बसले.

आणि हात सुधारायला लागले.

पहिल्या हिवाळ्यात पाढा सात त्रिक एकवीसवर गेला. त्याच्या पुढच्या वर्षी सात सक बेचाळीस. काकांनी ही बातमी पाटावरून धावत येऊन सांगितली, आणि काकूंनी मशीन थांबवून नवऱ्याची बोटं एकेक वाकवून पाहिली. पेरं तशीच होती, सुजलेली. पण ठणका गेला होता. तिसऱ्या वर्षी काका सात नव्वे त्रेसष्टपर्यंत पोचले आणि गल्लीत छाती काढून फिरायला लागले. पोस्टमनचे गुडघे धरले होते, तो बाटली घेऊन दारात आला. त्याच्या मागून बेकरीवाल्या बाई खांदा घेऊन आल्या. काकूंकडे आजवर लोक फाटलेलं शिवायला येत. आता ते "वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे" असं म्हणत येऊ लागले. काकू वरवर म्हणत, "कसला गुण, लसूण आहे." पण मोठं पातेलं त्यांनी त्याच आठवड्यात खाली काढलं होतं.

पाढा लांबला म्हणजे पाणी ऊबदार, हा वस्तादांचा नियम काका विसरले का? छे. नियम त्यांना झोपेतही आठवला असता. पण पाढा आखूड झाला होता तो दुखण्याने, मग लांबला तो तेलाने, हे इतकं सरळ दिसत होतं की त्यापलीकडे बघायची गरजच वाटली नाही. घरात सुख आलं की माणूस त्याचं बिल मागत नाही.

ओढ्याने मात्र सांगायचं ते सांगून पाहिलं. हिमनदी डोंगर घासत, दगडाची भुकटी घेऊन उतरते, म्हणून तिचं पाणी नेहमी दुधाळ असायचं. ते निवळशंख झालं. काका म्हणाले, वा, काय स्वच्छ. तळातल्या दगडांवर हिरवी बुळबुळीत साय धरली. काका म्हणाले, ऊन चांगलं पडतंय यंदा. पाटाच्या तोंडाशी एक बुटका तपकिरी पक्षी असे. हा बहाद्दर चक्क वाहत्या पाण्यात बुडी मारायचा, तळाशी चालत जाऊन दगडांखालचे किडे टिपायचा आणि कोरडाच्या कोरडा बाहेर यायचा. काकांची आणि त्याची रोज सकाळी भेट. तो दिसेनासा झाला. काकांनी बेकरीच्या मांजरावर संशय घेतला आणि त्या मांजराला बरेच दिवस शिव्या घातल्या.

वसंतात खात्याने नव्या मॅडम पाठवल्या. काकांच्या मुलीपेक्षाही लहान असतील. आल्या आल्या त्यांनी पाटाच्या तोंडाशी एक नवं थर्मामीटर बसवलं आणि उन्हाळ्यात त्या काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काका, पाण्याचं तापमान चढलंय. हिमनदी मागे सरकली, आणि तिच्या पुढ्यात मोठं तळं साचलंय. गाळ तिथेच खाली बसतो, पाणी दिवसभर उन्हात तापतं आणि मग आपल्याकडे येतं. थंडीत माद्या भरायच्या आत सगळे मोठे मासे वर हलवायला हवेत. धबधब्याच्या वर ती घळ आहे ना, तिथे अजून थेट बर्फाखालचं पाणी येतं."

काका हसले. "मॅडम, तुमच्या यंत्राला सर्दी झाली असेल. मी रोज हात घालतो."

"यंत्र नवीन आहे, काका."

"हात जुना आहे," काका म्हणाले. "माद्यांना आत्ता हलवलं तर निम्म्या वाटेतच मरतील. माझ्या जबाबदारीवर राहू दे."

त्यांचं निम्मं म्हणणं खरंही होतं. भर उन्हाळ्यात मासे डोंगरावर नेणं सोपं नव्हतं. मॅडमनी वरच्या साहेबांना फोन केला. साहेबांनी विचारलं, "गारठा काय म्हणतो?" इथेच घात झाला. ज्याचा शब्द कधी खोटा पडला नाही, त्याच्या शब्दावर मासे खालीच राहिले.

थंडीच्या तोंडाशी माद्या भरल्या. काकांनी अंडी उतरवून घेतली, आणि यंदा हात दुखत नव्हते म्हणून कधी नव्हे इतक्या मायेने, घाई न करता घेतली. ट्रे भरले. दोन आठवड्यांत अंड्यांवर पांढरी लव दिसायला लागली. बुरशी. काका मेलेलं अंडं चिमट्याने उचलायचे, तर शेजारचं पांढरं पडलेलं असायचं. वेचून वेचून त्यांची मान धरली. हौदातले मोठे मासे पाटाच्या तोंडाशी गर्दी करून कल्ले फाकवत उभे राहिले. एका सकाळी त्यातल्या तीन माद्या पोटं वर करून तरंगताना मिळाल्या. काकांनी त्या कोपऱ्यात नेऊन पुरल्या. घरी येऊन म्हणाले, भूक नाही.

मॅडमनी धावपळ करून मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या मागवल्या. टबात बर्फ फोडून घालायचा आणि ते पाणी ट्रेवर सोडायचं, जगलं तेवढं जगलं. काकांनी बाही वर केली आणि बर्फ हलवायला टबात हात घातला. सवयीने तोंडातून पाढा सुरू झाला. सात एके सात. सात दुणे चौदा.

कळ अशी आली की त्यांच्या तोंडून आवाज फुटला नाही. हात बाहेर काढून ते त्याच्याकडे बघत राहिले. मग ते तसेच ओल्या हाताने पाटाकडे गेले, खाली बसले, हात कोपरापर्यंत बुडवला आणि पहिल्यापासून पाढा म्हटला. सात दाहे सत्तर झाले. काही नाही. त्यांनी आठचा पाढा सुरू केला. आठ चोक बत्तीसला त्यांचा आवाज चिरकला आणि ते थांबले. मॅडम मागे येऊन उभ्या होत्या.

"हात बरे झालेच नव्हते," काका म्हणाले. "तुमचं यंत्र बरोबर होतं. मी मारली सगळी."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते आम्हालाही ऐकायचं होतं, काका. हलवायचा खर्च वाचत होता." आणि त्या टबाकडे परत गेल्या, कारण बर्फ वितळत होता.

ट्रेमधलं एकही अंडं वाचलं नाही. मोठ्यांपैकी जे उरले, ते मोजायला बोटं पुरली असती. दोन दिवसांनी ते पत्र्याच्या डब्यांत, बर्फाचे खडे टाकून, पाठीवर घेऊन चार माणसं डोंगर चढली. एक डबा काकांकडे होता. चढावर मॅडम दोनदा म्हणाल्या, द्या माझ्याकडे. त्यांनी दिला नाही.

घळ अरुंद होती. दोन्ही बाजूंना उभा कातळ, ऊन तळापर्यंत पोचतच नव्हतं. वरच्या टोकाला हिमनदीची उरलेली एक जीभ, मळकट, कडा खाल्लेली, आणि तिच्याखालून दुधाळ पाणी बाहेर येत होतं. काकांनी हात घातला. पाढ्याची दुसरी ओळ पुरी झाली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बरोबरच्या माणसाला वाटलं दुखतंय म्हणून. दुखत होतंच. पण असा आनंद त्यांना मुलीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच झाला होता.

तेवढ्यात पलीकडच्या दगडावर तपकिरी काहीतरी हललं, शेपटी उडवली आणि सरळ पाण्यात गेलं. तोच पक्षी. मांजर निर्दोष सुटलं.

"हा इथे आलाय होय," काका म्हणाले.

"त्याचे किडे इथे आलेत," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे खाली मेले, इथे उरलेत. त्यांना याहून जरासुद्धा गरम चालत नाही. म्हणून तो त्यांच्यामागे वर आला."

काकांनी डब्याचं झाकण काढलं होतं, ते थांबले. "आणि हे मासे काय खाणार?"

"तेच किडे."

"या घळीत आधी मासा होता?"

"नाही. धबधबा चढून येणार कसा?"

म्हणजे एका भुकेल्याच्या ताटात दुसरा भुकेला बसवायचा. काका बराच वेळ उकिडवे बसून राहिले. डब्यात ठिपकेवाले एकमेकांवर आपटत होते. पक्षी वर आला, चोचीत काहीतरी वळवळणारं घेऊन, आणि दगडाआड गेला. हा निवाडा कुठल्याही थर्मामीटरवर दिसत नसतो. शेवटी काकांनी डबा तिरपा केला. मासे एकेक करून दुधाळ पाण्यात उतरले, तोंड प्रवाहाकडे करून स्थिर झाले आणि मग दिसेनासे झाले.

"हा बर्फ किती टिकेल?" उतरताना त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही. आमच्या नोकरीइतका टिकला तरी खूप."

"आणि मग याच्या वर?"

"वर काय, काका," मॅडम म्हणाल्या, "वर कातळ आहे."

ते घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. जेवणं झाली. काकूंनी तेलाची वाटी कोमट करून आणली आणि हात पुढे केला. अंडी मेली हे त्यांना ठाऊक होतं, का मेली हे काकांनी सांगितलं नव्हतं. डोंगर चढताना ते याच एका गोष्टीला भीत होते. मासे गेले, त्यात ही संध्याकाळची वाटीही गेली, तर घरात उरणार काय?

त्यांनी हात दिला नाही. "तेलाने काही झालं नाही गं," ते म्हणाले. "पाणीच गरम झालं होतं. मला कळलं नाही."

काकूंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी वाटी खाली ठेवली. "मग मी इतकी वर्षं काय चोळत होते?"

काकूंनी वाटी आणखी लांब सरकवली.

"पोस्टमन तर म्हणतो, गुडघे मोकळे झाले."

"त्याचे झाले असतील."

"आणि ती अंडी," काकू म्हणाल्या. "म्हणजे मी तुम्हाला बरं केलं असं वाटलं, म्हणून ती..."

"तू नाही. मी," काका म्हणाले. "मला संध्याकाळी तुझ्याजवळ बसायला आवडायला लागलं होतं. ते तेलामुळेच असणार असं वाटलं. दुसरं काही मला मानायचंच नव्हतं."

असलं वाक्य त्या माणसाने जन्मात उच्चारलं नव्हतं. काकू उठल्या, पायात चपला घातल्या आणि शेडच्या दाराने हौदांकडे गेल्या. काका मागोमाग गेले. शेडचा दिवा रिकाम्या हौदांवर पडला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून काकूंनी त्या पाटात कधी हात घातला नव्हता. नवऱ्याच्या हाताला जे होतं ते बघूनच त्यांना हुडहुडी भरायची. धुणंभांडी नळावर, आणि तेही पाणी तापवून.

त्या पाटाच्या कडेला बसल्या, पदर खोचला, डोळे मिटले आणि हात घातला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. काका वाट बघत राहिले. काकूंनी डोळे उघडले. हात तसाच होता.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "यात तर मी धुणं धुवीन."

काका त्यांच्याशेजारी बसले. मग त्यांनी बायकोचा हात पाण्यातून बाहेर काढला आणि आपल्या सदऱ्याला पुसला. तो गार पडलाच नव्हता.